सातवी तार

आमच्या दारामागे एक खिळा आहे. त्याला पिशवी अडकवायची नाही, शर्ट अडकवायचा नाही, छत्री तर नाहीच नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्या खिळ्याला ओला टॉवेल अडकवला आणि आमच्या ह्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. तो खिळा तारांचा आहे. सात लाल तारा, हातभर लांब, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे, आणि प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने घातलेला आकडा, एक ते सात.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. सत्तावीस वर्षं झाली. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, एवढं तुम्हालाही माहीत असेल. दुरुस्ती करताना मात्र कधी कधी दार उघडं ठेवूनच ती हलवून बघावी लागते. मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जी पेटी असते, तिच्यात ही लाल तार दोन ठिकाणी चिमट्यांनी लावायची. लिफ्टला वाटतं, दार लागलंय. काम झालं की तार काढायची. काढायची विसरली, तर लिफ्ट तशीच लोकांच्या हाती जाते. एखाद्याचा एक पाय आत असेल, एक बाहेर, आणि ती चालू लागेल. याच्या पुढचं हे कधी बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

म्हणून मोजणी. दिवसाचं काम संपलं की हत्यारांची पिशवी बंद करण्याआधी एकदा, आणि घरी आल्यावर खिळ्याला अडकवताना पुन्हा एकदा. बूट काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. 'सात' म्हणायचे आणि मग घरात यायचे. मी आतून चिडवायची, "का हो, बायको एकच आहे, तिलाही मोजून घ्या!" तर म्हणायचे, "ती कुठे विसरता येतेय!"

ज्या दिवशी सगळं बंद होणार असं जाहीर झालं, त्या संध्याकाळी खिळ्यावर सहा तारा होत्या. मला ते सतरा दिवसांनी कळलं. त्या सतरा दिवसांत काय झालं आणि अठराव्या दिवशी माझ्या नवऱ्याने काय केलं, ते मला सांगायचंय. आणि आधीच सांगून ठेवते, मला या माणसाचा अभिमान आहे. कोणाला तो जास्त वाटला तर वाटू दे.

ह्यांच्या कामाची एक पद्धत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाकीचे मिस्तरी आधी वर पळतात. हे आधी दाराशी जातात. "आधी आतल्या माणसाशी बोलायचं, मग पान्याला हात लावायचा," हा ह्यांचा नियम. एकदा एक वकील अडकले होते. आत नुसता थयथयाट! कोर्टात खेचीन, एकेकाला बघून घेईन, वगैरे वगैरे. ह्यांनी दाराला तोंड लावून विचारलं, "साहेब, तुमच्यासमोर काय दिसतंय?" आतून आवाज, "काय दिसणार? बटणं!" "किती आहेत?" "मला काय माहीत!" "मोजा बरं जरा." आत शांतता. मग, "अकरा." "आणि वर पाटी आहे ती मोठ्याने वाचा." वकिलांनी वाचलं, "सहा माणसे, चारशे आठ किलो." हे म्हणाले, "म्हणजे बघा, तुम्ही एकटेच आहात, पाच जणांची जागा रिकामी आहे. बसा आरामात." वकील हसले म्हणे. मोजायला लागला की माणूस ओरडायचा थांबतो, असं ह्यांचं म्हणणं.

लिफ्टना ह्यांनी नावंही ठेवलीत. एक 'रडकी', कारण ती प्रत्येक मजल्यावर कण्हते. एक 'साहेबीण', नवी कोरी, आतून आरशांनी मढवलेली आणि भारी नखरेल. आणि एक 'म्हातारी', जाळीच्या दाराची, सगळ्यांत जुनी. बावीस वर्षांचे असताना हे तिच्यावरच काम शिकले. त्या शेवटच्या दिवशी ह्यांनी याच तिघी तपासल्या होत्या.

तर, सगळं बंद झालं. पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! मी शाळेचे गणवेश शिवते. शाळाच बंद म्हटल्यावर अर्धवट कापलेले निळे शर्ट तसेच मशीनपाशी पडून होते. म्हटलं, चला, जरा पाठ टेकू. नवराही घरात आहे, चार गोष्टी बोलू. कसल्या गोष्टी आणि कसलं काय! हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

आधी मला वाटलं, साथीची भीती. ती तेव्हा कोणाला नव्हती? दुधाची पिशवी साबणाने धुवायचे. मग हात धुवायचे. मग ज्या नळाला हात लावला तो नळ धुवायचे. दिवसातून दहा वेळा ताप बघायचे. मनगट धरून नाडी मोजायचे आणि मध्येच हात सोडून म्हणायचे, "चुकलं." घास घशाखाली उतरत नव्हता. जरा कुठे शिंक आली की चेहरा पांढराफटक. दुपारी बसल्या बसल्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, "श्वास पुरत नाहीये." मी धावत जायची, तोवर घामाने शर्ट भिजलेला असायचा.

कंपनीचा फोन यायचा. लिफ्टच्या मिस्तऱ्यांना बाहेर पडायला पास होते. दवाखान्यांच्या, मोठ्या इमारतींच्या लिफ्ट कोण बघणार? सत्तावीस वर्षांत एकदाही कामाला नाही न म्हटलेला हा माणूस फोनवर सांगायचा, "मला ताप आहे." समोर तापमापी, त्यात ताप नाही. मला कळेना, हसावं की रडावं. शेवटी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "एवढे लोक बाहेर राबतायत, आणि तुम्ही घरात बसून खोटं बोलताय? लाज नाही वाटत?" मान खाली घालून म्हणाले, "वाटते." भांडायला आले असते तर मी भांडले असते हो, पण हे असं मी कधी बघितलं नव्हतं.

आमची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवायची. तिने बापाचा चेहरा बघितला आणि एका डॉक्टरबाईंचा नंबर पाठवला. त्या फोनवरूनच तपासायच्या. ह्यांना मोठ्याने वाचायला लावलं, दम रोखायला लावलं, पन्नास प्रश्न विचारले. मग मला म्हणाल्या, "फुफ्फुसं ठणठणीत आहेत. ही घबराट आहे. खरीच असते ती, नाटक नसतं, त्यामुळे ओरडू नका. श्वास सावकाश सोडायला लावा आणि त्यांना बोलतं करा." बोलतं करा म्हणे! लग्न झाल्यापासून मी दुसरं करतेय काय?

सतराव्या दिवशी दुपारी मला ह्यांचीच एक गोष्ट आठवली. लिफ्ट बंद पडली आणि कारण सापडत नसेल, तर हे सगळ्या लिफ्टकडे बघतच नाहीत. एकेक भाग वेगळा काढतात, तपासतात, आणि ठीक असेल त्याच्यावर खडूने बरोबरची खूण करून पुढे जातात. खडू माझ्याकडेही असतोच, कापडावर आखायचा. मी कापायच्या टेबलावर गणवेशाचं निळं कापड पसरलं, खडू घेतला आणि ह्यांना समोर बसवलं.

"सांगा," म्हटलं, "कशाकशाची भीती वाटते? एकेक सांगायची. सगळं एकदम नाही."

"काय पोरखेळ मांडलायस!"

"पोरखेळ तर पोरखेळ. घरात दुसरं पोर आहे कुठे?"

शेवटी म्हणाले, "ताप." मी कापडावर 'ताप' लिहिलं. तापमापी लावली. नाही. बरोबरची खूण. "श्वास." वर्तमानपत्राचा अर्धा रकाना न थांबता वाचायला लावला. वाचला. खूण. "लेक." लेकीला फोन लावला, ती म्हणाली, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, ठणठणीत आहे, ठेवू?" खूण. "साथ कधी संपणार?" हे ना ह्यांच्या हातात, ना माझ्या. ते मी कापडाच्या एका टोकाला लिहिलं आणि ते टोक टेबलाखाली दुमडून टाकलं. ह्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. सतरा दिवसांतलं पहिलं हसू ते.

"अजून?"

ह्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथेच थांबली. मीही बघितलं. दारामागचा खिळा. मी उगाचच मोजल्या. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. चार नंबरची नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांना कळलं होतं. त्या दिवशी पिशवी बंद करताना मोजायचं राहिलं. तोवर रस्ते बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिन्ही इमारतींच्या वॉचमनला फोन केले, "मशीनरूममध्ये माझी एक लाल तार राहिलीय का, बघ रे." तिघांनीही सांगितलं, बघितलं, नाही. "पण मी त्यांना एवढंच म्हणालो की माझी तार राहिलीय," हे म्हणाले. "ती राहिली असेल तर काय होऊ शकतं, ते सांगितलं नाही. जीभच रेटेना. सांगितलं असतं तर लिफ्ट बंद करावी लागली असती, कंपनीला कळलं असतं. तिघं नाही म्हणाले, ते धरून बसलो. पण डोळा मिटला की लिफ्ट दिसते. दार उघडं, आणि चाललीय."

"मोजायचं राहिलं कसं पण?" मी विचारलं.

"फोन आला मध्येच. कंपनीचा," म्हणाले.

आता मी काय बोलले ते लपवणार नाही. मी म्हणाले, "तिघांनी बघितलंय ना? मग झालं तर! इतके दिवस काही झालं नाही. कशाला आपणहून विस्तवावर पाय द्यायचा? कोणाला कळणार आहे?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाकडे बघावं तसं. आणि म्हणाले, "अगं, मला कळलंय ना."

संध्याकाळ झाली होती. म्हणाले, फोन आत्ताच करायचे, उद्यावर नको. माझ्यासमोर स्पीकर लावून तिन्ही वॉचमनना एकामागून एक फोन केले. शब्द एकही गाळला नाही. "लिफ्ट रिकामी आहे ना, बघ. आता मीटरच्या खोलीत जा आणि लिफ्टचा स्विच पाड. माझ्या हातून चूक झालेली असू शकते. तुमच्या लिफ्टचं दार लागलेलं नसतानाही ती चालेल अशी तार आत राहिली असेल. मी येऊन बघेपर्यंत कोणालाही चढू देऊ नकोस." मग कंपनीच्या साहेबांना तेच. ताप नव्हता, तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी तूच जा. पास आहे तुझ्याकडे. बाकीचं नंतर बघू."

अर्ध्या तासात फोनचा पाऊस. साहेबीण ज्या सोसायटीत आहे, तिथल्या सेक्रेटरीने असे काही शब्द वापरले की मी तो फोन हिसकावून घेणार होते. रडकीच्या नवव्या मजल्यावरून एका बाईंच्या मुलाचा फोन आला. आईचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. उद्या दुपारी तीनला निघायचं. चाकाच्या खुर्चीतून नऊ जिने कसं उतरवायचं? हे म्हणाले, "तुमची लिफ्ट पहिली. बारापर्यंत चालू करतो किंवा काय आहे ते सांगतो."

सकाळी बूट घातले. सतरा दिवसांची धूळ होती, मी पुसली. उंबऱ्यापाशी पाय थांबला. पास एकाच माणसाचा, मला जाता येणार नव्हतं. मी ह्यांचा फोन माझ्या फोनला जोडला आणि ह्यांच्या शर्टाच्या खिशात वर तोंड करून ठेवला. म्हटलं, "हा बंद करायचा नाही. मी इथेच आहे. जा."

मग मी मशीनपाशी बसून तो रस्ता ऐकला. नुसती पावलं. नाक्यावर पास दाखवला ते ऐकलं. एकही गाडी नाही. एवढ्या मोठ्या रस्त्यावर माझ्या नवऱ्याच्या बुटांचा आवाज घुमत होता. मध्ये एकदा म्हणाले, "सिग्नल चालू आहे गं. कोणासाठी कोण जाणे!" म्हटलं, "तुमच्यासाठी. लाल असेल तर थांबा."

लिफ्टच बंद, म्हणजे वर जायचं ते जिन्याने. रडकीचे नऊ मजले. पाचव्यावर पावलं थांबली. श्वास ऐकू यायला लागला, तोच तो, घरातला. "नाही जमत," म्हणाले. "छाती... मी खाली येतो. दुसऱ्या कोणाला पाठवू देत."

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अहो, चार मजल्यांसाठी कसले रडता!' गिळलं. खडू हातात होता, तो घट्ट धरला.

"अहो, तुमच्यासमोर काय दिसतंय?"

काही नाही. नुसता श्वास.

"मी विचारतेय, समोर काय दिसतंय?"

"दार."

"कसल्या रंगाचं?"

"तपकिरी. ...पिवळ्या कड्या आहेत."

"किती?"

"दोन. खाली पायपुसणं आहे. उसवलंय."

"मग ते माझ्याकडे पाठवायला सांगा. आता वर बघा. पुढच्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती?"

"...अठरा."

"मोठ्याने मोजत चढायच्या. मला इथे ऐकू आलं पाहिजे. कठड्याला धरा आणि प्रत्येक आकड्याला श्वास सोडा."

"एक," म्हणाले. मग "दोन". सातवर आवाज अडला. मी इकडून म्हटलं, "आठ." ते म्हणाले, "आठ." बारापर्यंत आम्ही दोघं मोजत होतो, मग मी गप्प बसले आणि ते एकटे मोजत गेले. सातव्या मजल्यावर दम खायला थांबले आणि म्हणाले, "माझंच मला विकतेस होय गं?"

"मग काय! इतकी वर्षं ऐकलं ते वाया घालवू?"

रडकीच्या पेटीत तार नव्हती. सगळं दोनदा तपासलं, लिफ्ट चालू केली, रिकामीच खाली-वर फिरवली. साडेअकरा वाजले होते. नवव्या मजल्यावर त्या बाई दार उघडं ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला, बारीक पण खणखणीत. "म्हणजे इतके दिवस मी जात होते, ती धोक्याची होती का?"

"तार इथे नव्हती," हे म्हणाले. "पण असती तर, हो, आजी. माझ्यामुळे."

बाई म्हणाल्या, "हं. सांगितलंत ते बरं केलंत. मला आजकाल खरं कोणी सांगत नाही." आणि मुलावर ओरडल्या, "अरे, पाणी दे त्यांना, लांबून दे, पण दे!"

साहेबिणीच्या फाटकावर सेक्रेटरी दहा पावलं लांब उभा राहून तोंडसुख घेत होता. "तुमची नोकरी घालवीन!" मला इथे बसून ऐकू येत होतं, म्हणजे बघा. आमचे हे, ज्यांनी जन्मात कोणाला उलट उत्तर दिलं नाही, ते म्हणाले, "घालवा साहेब. पण आधी मला वर जाऊ द्या." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिथेही तार नव्हती.

राहिली म्हातारी. वाटेत म्हणाले, "तिथे नसणारच. म्हातारीत मी चुकणार नाही गं, डोळे झाकून काम करतो मी तिच्यात." आठ मजले चढले, मोजत. वर गच्चीवरून मशीनरूमला उभी लोखंडी शिडी आहे. शिडीच्या कांड्या वाजल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आणि मग काहीच नाही. मी फोन कानाला दाबून धरला.

"आहे," हे म्हणाले. "चार नंबर. लागलेलीच आहे."

मी खाली जमिनीवर बसले.

वॉचमन शिडीखाली उभा होता. दोन्ही हात जोडून म्हणाला, "काका, मी वर चढलोच नव्हतो हो. त्या शिडीची मला फार भीती वाटते. फोनवर म्हटलं, बघितलं. तुमची एक तारच तर होती." ह्यांनी त्याला एवढंच विचारलं, "या दिवसांत लिफ्ट कोण वापरतं?" तो म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं. शाळा बंद, घरात आई वैतागते, मग दिवसभर लिफ्टने खाली-वर, खाली-वर.

हे तिथे किती वेळ बसले होते मला माहीत नाही. मी हाक मारली नाही. नंतर उठले, तार काढली, पिशवीत टाकली, आणि लिफ्ट तपासून चालू केली. मग मशीनरूममधली नोंदवही काढली. त्या वॉचमनशिवाय कोणी बघितलं नव्हतं, आणि त्याची काही तोंड उघडायची छाती नव्हती. 'तपासली, ठीक आहे' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. ह्यांनी तारीख घातली, वेळ घातली, आणि लिहिलं: 'मागच्या तपासणीत दाराच्या सर्किटवरची तार काढायची राहिली. लिफ्ट सतरा दिवस धोकादायक स्थितीत चालली. कारण: मी तारा मोजल्या नाहीत.' खाली पूर्ण सही. त्या पानाचा फोटो काढून कंपनीला पाठवला, इमारतीला पाठवला, आणि मला पाठवला.

घरी आले. बूट काढायच्या आधी खिळ्यापाशी उभे राहिले. "सात," म्हणाले. मग तिथेच, दाराला टेकून, लहान पोरासारखे रडले. मी पाठीवर हात ठेवला. हात धुतलेले नव्हते, नळ धुतलेला नव्हता, कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

कंपनीने महिनाभर घरी बसवलं आणि ताकीद दिली. म्हातारीच्या इमारतीतले काही लोक वर्षभर ह्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची आई अजूनही बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण त्या महिन्यानंतर कंपनीने सगळ्या मिस्तऱ्यांच्या तारांवर आकडे घातले, आणि प्रत्येक नोंदवहीत एक नवा रकाना आला: तारा किती आणल्या, किती नेल्या. दीडशे लिफ्टच्या नोंदवह्यांत तो रकाना आहे. कोणामुळे आहे ते मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही.

घबराट एका दिवसात गेली नाही. डॉक्टरबाईंचे फोन बरेच महिने चालू होते. अजूनही कधी दुपारी छातीवर हात जातो. मग मी विचारते, "समोर काय दिसतंय?" आणि हे म्हणतात, "एक कटकटी बाई." म्हणजे ठीक आहे.

एक गोष्ट राहिली. त्या महिन्यात, घरी बसलेले असताना, मी तो नोंदवहीचा फोटो मोठा करून नीट बघितला. नव्या नोंदीच्या वर जुनी नोंद होती, सगळं बंद झालं त्या दिवसाची. 'दार तपासणी. सुरू: साडेचार.' संपल्याची वेळ लिहिलेलीच नव्हती. मी माझा फोन काढला आणि केलेल्या फोनांच्या यादीत मागे मागे गेले, त्या तारखेपर्यंत. चार वाजून बावन्न मिनिटांनी ह्यांना एक फोन गेला होता. माझा. मला आठवलं सगळं. 'अहो, सगळं बंद होतंय, ऐकलंत का? ते काम तसंच टाका आणि आधी निघा. पीठ आणा, माझ्या गोळ्या आणा. कोणाचं काय अडलंय तिथे? निघा म्हणतेय ना!' अकरा मिनिटं मी ह्यांचं डोकं खाल्लं होतं.

फोन तसाच हातात घेऊन मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "कंपनीचा फोन होता ना?"

हे चहा पीत होते. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"मोजायचं काम माझं होतं," म्हणाले. "फोन कोणाचाही असो. उगाच तू खिडकीत जाऊन बसली असतीस. खुर्ची एकच आहे."

तेव्हापासून ह्यांच्या कामाच्या वेळी मी फोन करत नाही. घर जळत असलं तरी करणार नाही. रोज काम आटोपलं की हेच करतात, मशीनरूममधून, पिशवी बंद करायच्या आधी. मी मशीन थांबवून उचलते. पलीकडून एकच शब्द येतो, "सात." मी म्हणते, "या."